मोनोमधली पहाट

ऑगस्ट 1967च्या पहिल्या आठवड्यात इंग्लंडमधल्या रेकॉर्डच्या दुकानांत पिंक फ्लॉइड या नवख्या बँडची पहिली एलपी आली, ती दोन रूपांत. कव्हरवरचं चित्र तेच, गाणी तीच अकरा, त्यांचा क्रमही तोच. एका प्रतीचा क्रमांक एसएक्स 6157, दुसरीचा एससीएक्स 6157. पहिली मोनो, दुसरी स्टिरिओ. तेव्हाच्या गिऱ्हाइकाला यात डोकं घालण्यासारखं काही वाटत नसे. पॉप ऐकणाऱ्या तरुण पोरापोरींकडे बहुधा एका स्पीकरचा, झाकण लावून उचलून नेता येणारा रेकॉर्ड प्लेअर असे, आणि ती मोनो प्रत घेत. स्टिरिओ ही ऐपतदार हौशी लोकांची चीज होती.

पुढच्या दोन-तीन वर्षांत चित्र पालटलं. दशक संपता संपता कंपन्यांनी मोनो एलपी काढणंच थांबवलं. त्यानंतर ‘द पायपर अ‍ॅट द गेट्स ऑफ डॉन’ जगभर पोचली ती स्टिरिओ रूपातच. मोनो मिक्स पुन्हा बाजारात यायला 1997 साल उजाडलं, तेही सीडीवर. 2007 मध्ये चाळीस वर्षांच्या निमित्ताने निघालेल्या तीन सीडींच्या संचात ते परत आलं आणि 2018च्या रेकॉर्ड स्टोअर डेला अखेर पुन्हा तबकडीवर उतरलं. मधली जवळजवळ तीस वर्षं मोनो ऐकायचं तर साठच्या दशकातली जुनी तबकडी शोधण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता.

या पुस्तकाचा विषय ती जुनी मोनो तबकडी आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही एलपी नशेच्या तारेत कुणाच्या डोक्यातून सांडलेली नाही. ती बसून, मोजून, खोडून, पुन्हा करून घडवलेली आहे, आणि त्या घडणीच्या खुणा सर्वांत स्पष्ट ऐकू येतात त्या मोनो प्रतीत. ही प्रत जपणाऱ्या संग्राहकांकडे दुर्मीळ वस्तूंचा शौक करणारे लोक म्हणून पाहिलं जातं. त्यांतल्या ज्यांनी ती ऐकण्यासाठी जपली, त्यांनी एका संगीतकृतीची मूळ प्रत टिकवली असं मी मानतो.

आपल्याकडचा श्रोता पिंक फ्लॉइडकडे सहसा उलट्या दिशेने येतो. आधी 1973ची ‘द डार्क साइड ऑफ द मून’, मग 1979ची ‘द वॉल’, मग मागे मागे. फेब्रुवारी 2007 मध्ये या बँडमधला रॉजर वॉटर्स मुंबईत आला आणि त्याने ‘डार्क साइड’ अथपासून इतिपर्यंत वाजवली, तेव्हा बांद्रा-कुर्ला संकुलात जमलेल्या गर्दीतल्या अनेकांना ती पाठ होती. पण या बँडची पहिली एलपी वेगळ्या माणसाची आहे. अकरांपैकी आठ गाणी एकट्या सिड बॅरेटची. दोन वाद्यरचना चौघांच्या नावावर आणि एकच गाणं वॉटर्सचं. डेव्हिड गिल्मर तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता. ‘डार्क साइड’ ऐकून तयार झालेला कान इथे आणला तर पहिल्या फेरीत गोंधळ उडतो. मांजर, बुजगावणं, सायकल, ग्रिंबल ग्रोंबल नावाचा बुटका, आणि मध्येच साडेनऊ मिनिटांची अंतराळयात्रा. एवढ्या ऐवजाला एकत्र धरून ठेवणारं काय आहे, ते पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही.

बॅरेट 1946च्या जानेवारीत केंब्रिजला जन्मला. वडील पॅथॉलॉजिस्ट होते. मुलगा सोळाचा व्हायच्या आत ते गेले. मुलगा चित्रकलेकडे वळला आणि लंडनच्या कॅम्बरवेल कला महाविद्यालयात शिकायला गेला. तो चित्रकार होता ही गोष्ट मला त्याच्या एलएसडी घेण्याइतकीच, किंबहुना जास्त महत्त्वाची वाटते, आणि पुढे मिक्सिंगच्या संदर्भात ती कामाला येईल. केंब्रिजमधल्या त्याच्या मित्रमंडळींत काही जण संतमताकडे, म्हणजे पंजाबातल्या ब्यासच्या राधास्वामी सत्संगाकडे ओढले गेले होते. बॅरेटनेही दीक्षा मागितली. सत्संगाचे गुरू महाराज चरणसिंग लंडनला आले होते; त्यांनी त्याला आधी शिक्षण पुरं करायला सांगून परत पाठवलं. हिंदुस्थानशी त्याचा थेट संबंध आला तो एवढाच. एलपीवरच्या ‘चॅप्टर 24’ या गाण्यात मात्र त्याने आधार घेतला चिनी ‘ई चिंग’च्या चोविसाव्या प्रकरणाचा, आणि एलपीचं नाव उचललं केनेथ ग्रॅहमच्या ‘द विंड इन द विलोज’ या 1908च्या मुलांच्या पुस्तकातल्या सातव्या प्रकरणावरून. हरवलेलं पाणमांजराचं पिल्लू शोधायला रात्रभर नाव वल्हवत गेलेल्या उंदीर आणि चिचुंदरीला पहाटे पावा वाजवणारा देव भेटतो, आणि जाताना तो त्यांना विस्मरणाचं वरदान देऊन जातो, असं ते प्रकरण.

आता 1966च्या हिवाळ्यातलं लंडन. टॉटनहॅम कोर्ट रोडवरच्या एका आयरिश नाचघराच्या तळघरात डिसेंबरात यूएफओ क्लब सुरू झाला. भिंतींवर, वादकांच्या अंगावर तेल आणि रंगीत शाईच्या थेंबांची चित्रं प्रोजेक्टरमधून सोडलेली असत, आणि पिंक फ्लॉइड एकेक रचना हवी तितकी ताणून वाजवत असे. बॅरेट आपल्या फेंडर एस्क्वायर गिटारवर आरशासारख्या चकत्या चिकटवून यायचा आणि तारांवरून सिगारेट लायटर सरकवून आवाज काढायचा. बँडमधल्या रिक राइटच्या फारफिसा ऑर्गनचे आणि त्या गिटारचे सूर बिन्सन एकोरेक नावाच्या इटालियन यंत्रातून जात. टेपच्या फितीऐवजी फिरत्या चुंबकीय चक्रावर आवाज मुद्रित करून तो ओळीने बसवलेल्या हेडमधून पुन्हा पुन्हा ऐकवणारं हे यंत्र. प्रतिध्वनीवर प्रतिध्वनी चढवायचा, त्याच्याशी पुन्हा वाजवायचं, हे त्या बँडचं रोजचं काम होतं.

हे सगळं ईएमआयने पाच हजार पौंडांच्या आगाऊ रकमेवर करारबद्ध केलं आणि अ‍ॅबी रोडवरच्या आपल्या स्टुडिओत नॉर्मन स्मिथच्या हवाली केलं. स्मिथ वयाने बँडपेक्षा बराच मोठा, युद्धात हवाई दलात काम केलेला, जॅझची आवड असलेला. 1965च्या ‘रबर सोल’पर्यंत बीटल्सचा ध्वनिमुद्रण अभियंता तोच होता. फ्लॉइडच्या चाहत्यांच्या लेखनात स्मिथच्या वाट्याला अनेकदा खलनायकाची भूमिका येते: जुन्या वळणाचा निर्माता, ज्याने मोकाट बँडला तीन मिनिटांच्या गाण्यांत कोंडलं. मला हे मुळीच पटत नाही. यूएफओमध्ये चालणारा तासन्‌तासांचा प्रवाह तसाच्या तसा टेपवर घेतला असता तर आज तो त्या काळाचा एक दस्तऐवज म्हणून कपाटात पडला असता. स्मिथने बॅरेटच्या गाण्यांना आकार दिला. कुठे थांबायचं, कडव्यामागचा कुठला आवाज आधी आणायचा, दोन गाण्यांच्या मध्ये किती शांतता ठेवायची हे त्याला कळत होतं. अभियंता पीटर बाउन त्याच्या जोडीला होता. मुद्रण 1967च्या फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू झालं आणि मुख्य काम मे अखेरच्या आत आटोपलं. शेजारच्याच स्टुडिओत त्या वसंतात बीटल्स ‘सार्जंट पेपर’ पुरी करत होते. 21 मार्चला फ्लॉइडच्या चौघांना तिकडे नेऊन त्यांची भेट घडवली गेली तेव्हा ‘लव्हली रिटा’चं काम चाललं होतं.

घडणीचा मुद्दा एकेका गाण्यात दाखवता येतो. ‘मॅटिल्डा मदर’ घ्या. बॅरेटने ते आधी हिलेअर बेलॉकच्या लहान मुलांना दटावणाऱ्या विनोदी कवितांचे शब्द घेऊन बांधलं होतं. बेलॉकच्या वारसदारांनी परवानगी नाकारली. तेव्हा त्याने त्याच चालीवर, त्याच मापात नवे शब्द लिहिले, आणि ते गाणं आता मुलाने आईकडे गोष्ट पुढे सांगण्याचा हट्ट करण्यावर आलं. नव्या शब्दांनी गाणं कितीतरी खोल झालं असं माझं मत आहे. दुसऱ्याच्या कविता म्हणणारा गायक जाऊन त्या जागी गोष्ट ऐकणारा मुलगा आला. परवानगी नाकारल्यावर गाणंच सोडून देणाऱ्या भणंग माणसाकडून हे होत नाही. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ची मुख्य धून जन्मली तीही अशीच, कानाने उचलून आणि बदलून. बँडचा व्यवस्थापक पीटर जेनर ‘लव्ह’ या अमेरिकन बँडचं ‘माय लिटल रेड बुक’ गुणगुणत होता, जरा बेसूरच. बॅरेटने गिटारवर ती गुणगुण धरली आणि ती घसरत उतरणारी स्वरावली तयार झाली. एलपीवरच्या 9 मिनिटं 41 सेकंदांच्या त्या रचनेत दोन स्वतंत्र वादनं एकमेकांवर ठेवलेली आहेत. म्हणून मधल्या मोकळ्या भागात एकच बँड स्वतःला उत्तरं देतो आहे असा भास होतो. कानाला जे पूर्ण स्वैर वाटतं ते अर्धं मिक्सिंगच्या टेबलावर जुळवलेलं आहे.

इथून मोनोकडे यायचं.

स्टुडिओतलं यंत्र चार ट्रॅकचं होतं. चार ट्रॅकवर जे जमा झालं ते शेवटी किती वाहिन्यांत उतरवायचं, एका की दोन, हा मिक्सिंगचा प्रश्न. 1967 साली इंग्लंडमध्ये पॉप एलपीचं खरं मिक्स म्हणजे मोनो. रेडिओवर तेच जायचं, बहुतेक घरांत तेच वाजायचं. त्यामुळे कलावंत मोनो मिक्सच्या वेळी हजर असत, भांडत, पुन्हा करायला लावत. स्टिरिओ मिक्स मागाहून, बऱ्याच कमी वेळात उरकलं जाई. ‘पायपर’च्या बाबतीत हेच झालं. मोनोवर बॅरेट आणि स्मिथ यांनी मन लावून काम केलं. बॅरेट मिक्सिंगच्या टेबलावरच्या खुंट्या वरखाली सारायचा तेव्हा तो हातांनी चित्र काढतो आहे असं वाटायचं, आणि या कामात तो फार चोखंदळ होता, अशी आठवण त्याच्या जवळच्या लोकांनी सांगून ठेवली आहे.

चित्रकाराची ही सवय मोनोत नेमकी उपयोगी पडते. स्टिरिओत दोन आवाज वेगळे काढायचे तर एक डावीकडे टाका, एक उजवीकडे; काम झालं. मोनोत ती सोय नाही. सगळे आवाज एकाच बिंदूतून येणार. त्यांना वेगळं करायचं तर एकाला पुढे आणावं लागतं, दुसऱ्याला मागे लोटावं लागतं: आवाजाची पातळी, त्याचा पोत, त्याच्यावरचा प्रतिध्वनी यांनी. सपाट कागदावर जवळचं झाड आणि लांबचा डोंगर काढणाऱ्याला हाच प्रश्न सोडवावा लागतो. म्हणून मोनो ‘पायपर’मध्ये रुंदी नाही, खोली आहे. ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डोमिनी’च्या सुरुवातीला जेनर ध्वनिवर्धक कर्ण्यातून तारे-ग्रहांची नावं पुकारतो. मोनोत तो आवाज लांबून, कुठल्याशा बोळाच्या टोकाकडून येतो आणि गिटार त्याच्या अंगावरून पुढे येते. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’च्या सुरुवातीच्या धुनेमागे ऑर्गन आणि इतर आवाजांची जी हालचाल आहे ती मोनोत ठळक आहे, स्टिरिओत जवळजवळ दबलेली. उलट स्टिरिओत त्याच रचनेच्या शेवटी आवाज डाव्या स्पीकरवरून उजव्यावर आणि परत असा झोके घेतो. पहिल्या वेळी अंगावर काटा येतो हे खरं आहे. पण तो झोका रचनेवर बाहेरून लादल्यासारखा मला नेहमी वाटत आला आहे. मोनोत ती रचना आपल्याच वजनाने शेवटाकडे कोसळते.

स्टिरिओवर प्रेम करणारे श्रोते पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे: ‘बाइक’च्या अखेरची घड्याळांची, घंटांची, यंत्रांच्या खडखडाटाची खोली स्टिरिओत डोक्याभोवती उभी राहते. ते मी मान्य करतो. उरलेल्या दहा रचनांत माझा कौल मोनोला.

आता तबकडीबद्दल. मोनोची खाच फक्त आडवी, डावी-उजवी हलते. स्टिरिओच्या खाचेच्या दोन भिंती दोन वेगळ्या वाहिन्या वाहतात, त्यामुळे सुई खालीवरही हलते. जुनी मोनो प्रत आजच्या स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली की ते कार्ट्रिज खाचेतली धूळ, ओरखडे, झीज यांची उभी हालचालही इमानेइतबारे उचलतं आणि चरचर वाढते. मोनो कार्ट्रिज किंवा अ‍ॅम्प्लिफायरवरचं मोनोचं बटण ही उभी हालचाल गाळून टाकतं. खराब म्हणून बाजूला ठेवलेल्या कितीतरी प्रती एवढ्याशा बदलाने जिवंत होतात. जुन्या प्रती विकत घेणाऱ्यांनी निकाल देण्याआधी ही एक गोष्ट करून पाहावीच.

दुसरी गोष्ट भूमितीची. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे एकसारखी फिरते, पण बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर सरकते आणि लेबलाजवळ जेमतेम 20. तोच आवाज कमी जागेत कोंबावा लागतो, म्हणून बाजू संपत येते तशी उंच स्वरांची धार बोथट होते. या एलपीच्या प्रत्येक बाजूवर सुमारे 21 मिनिटं आहेत, म्हणजे फार सैल जागा नाही. अशा परिस्थितीत ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ दुसऱ्या बाजूच्या अगदी सुरुवातीला ठेवली आहे, जिथे खाचेला सर्वांत जास्त वाव मिळतो. ‘बाइक’च्या शेवटी बदकांच्या कलकलाटासारखा जो फिरता आवाज आहे तो आला आहे अगदी आतल्या खाचेत. साठच्या दशकातल्या जड हाताच्या रेकॉर्ड चेंजरनी सर्वांत जास्त छळ केला तो याच जागेचा. प्रत विकत घेताना पहिलं गाणं वाजवून दाखवणाऱ्या विक्रेत्याला मी नेहमी शेवटचं वाजवायला सांगतो.

लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर ईएमआयने कोरलेल्या खुणा हा संग्राहकांचा आवडता अभ्यास, आणि तो आहेही वाचण्यासारखा. लाखेच्या तबकडीवर खाच कापली जाते, तिच्यापासून धातूची उलटी प्रत, तिच्यापासून ‘मदर’, आणि मदरपासून ‘स्टॅम्पर’ बनतात. स्टॅम्परच्या दाबाखाली व्हिनाइलची तबकडी तयार होते. प्रत्येक स्टॅम्पर काही शे प्रती काढून झिजतो आणि बदलावा लागतो. मॅट्रिक्स क्रमांकाच्या शेवटी असलेला आकडा लाखेची कितवी कापणी ते सांगतो. लेबलाच्या एका अंगाला मदरचा आकडा असतो, दुसऱ्या अंगाला स्टॅम्परची अक्षरं. ही अक्षरं एका शब्दावरून घेतलेली: ग्रामोफोन लिमिटेड या नावाच्या इंग्रजी संक्षेपातली दहा अक्षरं 1पासून 9पर्यंत आणि शेवटी 0 अशी मोजायची. जी म्हणजे 1, आर म्हणजे 2, ए म्हणजे 3, असं डीपर्यंत. तबकडीवर नुसता ‘जी’ असेल तर ती त्या मदरच्या पहिल्या स्टॅम्परची. एवढ्या बारीक खुणांमुळे ईएमआयच्या हेज इथल्या कारखान्यात एखादी प्रत दाबाखालून किती लवकर बाहेर पडली याचा अदमास बांधता येतो.

लेबल निळं-काळं, त्यावर चांदीच्या शाईत कोलंबिया आणि जोडस्वरांचं चिन्ह. अमेरिकेतल्या कोलंबियाशी याचा संबंध नाही. ही ब्रिटिश कोलंबिया 1931च्या विलीनीकरणात ग्रामोफोन कंपनीबरोबर ईएमआयच्या छत्राखाली आली. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला हे नाव आणि हे चिन्ह ओळखीचं होतं, कारण त्याच घराण्याच्या कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातून एचएमव्हीच्या जोडीला कोलंबियाच्याही तबकड्या निघत आणि चित्रपटगीतांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर ते असे.

कव्हरवरचं छायाचित्र व्हिक सिंगचं. त्याने चौघांना मिळतील तितके भडक कपडे घालून यायला सांगितलं आणि जॉर्ज हॅरिसनने दिलेलं प्रिझमचं भिंग कॅमेऱ्यावर चढवून फोटो काढला. त्यामुळे चेहरे एकमेकांत मिसळून गुणाकारात दिसतात. मागच्या बाजूची चौघांची काळी आकृती मात्र बॅरेटच्या हातची. मला मागची बाजू जास्त बोलकी वाटते: चार शरीरं एकच आकार होऊन बसलेली. पहिल्या ब्रिटिश कव्हरचा पुढचा कागद चकचकीत आणि त्याच्या कडा मागे दुमडून चिकटवलेल्या, ज्याला संग्राहक ‘फ्लिपबॅक’ म्हणतात. पुढे कडा आतून चिकटवायची पद्धत आली. त्या दुमडीवरूनही काळ ओळखता येतो.

अमेरिकेत ऑक्टोबरात टॉवर या कॅपिटलच्या उपकंपनीने हीच एलपी काढली, ती मोडतोड करून. जूनमध्ये ब्रिटनमध्ये गाजलेलं ‘सी एमिली प्ले’ सुरुवातीला घातलं, आणि ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी डोमिनी’, ‘फ्लेमिंग’ आणि ‘बाइक’ ही तीन काढून टाकली. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ शेवटाला गेली. सुरुवात आणि शेवट दोन्ही बदलल्यावर उरतात ती चांगली गाणी, पण एलपीचा आकार जातो. संग्रहात ती ठेवावी. पहिल्यांदा ऐकायला ती घेऊ नये.

आपल्या हवेत अशी तबकडी सांभाळणं हे स्वतंत्र काम आहे. मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळ्यात व्हिनाइलवरच्या धुळीवर आणि बोटांच्या तेलकट ठशांवर बुरशी धरते, आणि कव्हरचा कागद तर तिला आयताच मिळतो. चोरबाजारात किंवा जुन्या घरांच्या माळ्यावर सापडणाऱ्या तबकड्यांचे पांढरे ठिपके बहुतेक वेळा याच बुरशीचे असतात आणि डिस्टिल्ड वॉटरने, मऊ कापडाने, खाचेच्या दिशेने पुसले तर बरेचसे निघतात. कव्हरवरचे डाग निघत नाहीत. आतल्या कागदी पिशवीऐवजी प्लॅस्टिकचं अस्तर असलेली पिशवी, तबकड्या उभ्या, एकमेकींवर भार न टाकता, कपाटात सिलिका जेल आणि पावसाळ्यात दर काही दिवसांनी कपाटाला मोकळी हवा. याउपर फार काही लागत नाही. ब्रिटनमध्ये पहिल्या मोनो प्रतीची चांगल्या अवस्थेतली किंमत शेकडो पौंडांत जाते, आणि ती वाढवते ती तिची अवस्था. त्यामुळे काही लोक प्रत वाजवतच नाहीत. यावर माझं मत कडक आहे. न वाजवलेली ‘पायपर’ म्हणजे कव्हरवरचं एक छायाचित्र. चांगली सुई, योग्य भार आणि स्वच्छ खाच असेल तर तबकडी अनेक वर्षं ऐकता येते, आणि ती ऐकण्यासाठीच कापली गेली.

बॅरेटचं पुढे काय झालं ते बहुतेकांना ठाऊक असतं. 1967च्या शरदातच तो मंचावर हरवू लागला, गिल्मर आला, एप्रिल 1968 मध्ये बॅरेट बँडमध्ये नसल्याचं जाहीर झालं. 1970 मध्ये त्याच्या दोन स्वतंत्र एलपी निघाल्या. पुढे केंब्रिजला आईच्या गावी राहून त्याने चित्रं काढली, बाग केली, आणि 7 जुलै 2006 रोजी तो गेला. ही कहाणी ‘पायपर’वर मागून चढवण्याची सवय समीक्षेला लागली आहे. प्रत्येक ओळीत येऊ घातलेल्या वेडाची चाहूल शोधली जाते. एकवीस वर्षांच्या मुलाने त्याच्या सर्वांत सावध, सर्वांत मेहनती महिन्यांत केलेलं काम आपण त्याच्या आजाराच्या नावे लिहून टाकतो. ‘द स्कॅरक्रो’मधली टकटकणारी लय आणि तिच्यामागे शेवटी येणारे तंतुवाद्यांचे सूर ऐका. त्यात भीती नाही, मोजमाप आहे. या पुस्तकात त्याच्या नंतरच्या आयुष्याला स्वतंत्र प्रकरण मुद्दाम दिलेलं नाही.

पुढची प्रकरणं एकेका रचनेवर आहेत. त्यांचा क्रम तबकडीचा नाही. सुरुवात दुसऱ्या बाजूने, ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’पासून केली आहे, कारण मोनो आणि स्टिरिओ यांतला फरक तिथे नवख्या कानालाही लगेच कळतो. एकदा तो कळला की ‘द नोम’सारख्या साध्या दिसणाऱ्या गाण्यातही तो शोधता येतो. जुनी प्रत मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. 2018ची तबकडी जेम्स गथ्री, जोएल प्लांट आणि बर्नी ग्रंडमन यांनी 1967च्या मोनो मिक्सवरून तयार केलेली आहे आणि या पुस्तकातलं जवळजवळ सगळं तिच्यावर ऐकू येतं. फक्त एक सूचना: स्टिरिओ प्रत किंवा स्टिरिओ सीडी लावून मोनोचं बटण दाबलं तर दोन वाहिन्या एकत्र होतात, मोनो मिक्स मिळत नाही. मोनो हे वेगळं मिक्स आहे, वेगळ्या दिवशी, वेगळ्या निर्णयांनी केलेलं, आणि पुढची पानं वाचताना तेच लावलेलं असावं.